विश्लेषण : देशी द्राक्षांच्या वाइनला जगात भाव, मग पेण-रोह्याच्या करवंद-मोहाला का नाही?

मे महिन्यात मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ नाक्यापासून कोलाडपर्यंत रस्त्याच्या कडेला करवंदांचे द्रोण मांडून बसलेल्या बाया दिसतात. पहाटे डोंगरातून काढलेली करवंदे संध्याकाळपर्यंत विकली गेली नाहीत, तर दुसऱ्या दिवशी मऊ पडतात आणि मग आंबू लागतात. गाडीतून उतरणाऱ्याला हे ठाऊक असते, विकणारीलाही. त्यामुळे दुपार कलली की द्रोणाचा भाव गिऱ्हाईक ठरवते.

हे आंबणे पेण-रोह्यात नुकसान समजले जाते. जॉर्जिया, ग्रीस, पोर्तुगाल किंवा जपानमध्ये मात्र स्थानिक फळाच्या आंबण्यावर गावांची, खोऱ्यांची ओळख उभी राहिली आहे. त्याच त्या कॅबर्ने सॉव्हिन्यों आणि शार्डोनेला कंटाळलेले वाइनचे शौकीन आता फक्त एका खोऱ्यात, एखाद्या बेटावर पिकणाऱ्या द्राक्षांच्या बाटल्या शोधत फिरतात. देशातले सर्वात मोठे वाइन उत्पादक राज्य असलेल्या महाराष्ट्रात ही चर्चा नाशिकच्या पुढे सरकत नाही. खरे तर ती रायगडच्या डोंगरात यायला हवी. या जिल्ह्यात रानातल्या फुलाला कायद्याने गुन्हेगार ठरवण्याचा इतिहास आहे आणि आता तेच फूल प्रतिष्ठित होऊ घातले आहे. ती प्रतिष्ठा आणि तिच्यामागून येणारा पैसा कुणाच्या नावावर जमा होणार, हा खरा प्रश्न आहे.

देशी द्राक्ष म्हणजे नेमके काय?

जॅन्सिस रॉबिन्सन, ज्युलिया हार्डिंग आणि होसे व्हुयामोझ यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वाइनसाठी वापरल्या जाणाऱ्या १,३६८ द्राक्ष वाणांची नोंद आहे. त्यातले जेमतेम डझनभर वाण जगभरच्या दुकानांत दिसतात. बाकीचे आपापल्या गावी राहिले.

जॉर्जियातील सापेरावी हे त्यातले एक. नावाचाच अर्थ रंग देणारे. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर आतून फिकट असतो, सापेरावीचा गरही लाल असतो. त्याचा रस जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या मातीच्या मोठ्या रांजणांत आंबवतात. क्वेव्री नावाच्या या रांजणांच्या पद्धतीला २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत स्थान मिळाले. जॉर्जियातल्या उत्खननात सापडलेल्या खापरांवरचे वाइनचे अंश सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे आहेत.

ग्रीसच्या सँटोरिनी बेटावरचे असिर्टिको वेगळ्या कारणासाठी प्रसिद्ध आहे. तिथे वारा इतका असतो की वेल मांडवावर चढवत नाहीत. त्याची जमिनीलगत टोपली विणतात आणि घड त्या टोपलीच्या आत धरतात. एवढ्या उन्हातही या द्राक्षाचा आंबटपणा टिकतो.

या चर्चेत सर्वात उपयोगी उदाहरण जपानच्या कोशूचे आहे. यामानाशी भागातले हे फिकट गुलाबी द्राक्ष मूळचे जपानचे नाहीच. ते पश्चिमेकडून आशिया ओलांडत आले आणि वाटेत पूर्व आशियातल्या रानद्राक्षाशी त्याचा संकर झाला, असे जनुकीय अभ्यास सांगतात. तरीही शेकडो वर्षे तिथल्या दमट हवेत टिकल्यामुळे ते जपानी ठरले. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या यादीत त्याचे नाव आले आणि युरोपात कोशू हे नाव लावून बाटली विकण्याचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे देशीपण जन्मदाखल्यावर ठरत नाही, मुक्काम किती झाला त्यावर ठरते.

महाराष्ट्राच्या वाइनमध्ये महाराष्ट्राचे काय?

माती, पाणी आणि कष्ट. वाण मात्र बाहेरचा. नारायणगावच्या परिसरात १९८०च्या दशकात फेसाळत्या वाइनचा पहिला मोठा प्रयोग झाला, नाशिकच्या सुलाने २००० साली पहिल्या बाटल्या काढल्या, त्या सॉव्हिन्यों ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ या फ्रेंच द्राक्षांच्या. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यातले नाशिक खरे आहे. पण द्राक्ष फ्रान्सचे आणि मूळ अमेरिकेचे. इथल्या बागायतदारांना डॉगरिज खुंट चांगलाच परिचयाचा आहे. क्षारपड जमिनीत आणि पाणीटंचाईत तग धरणाऱ्या या अमेरिकी वेलीवर बाकीच्या वाणांचे कलम चढते.

महाराष्ट्राकडे जुनी द्राक्षे नव्हती असे नाही. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूताने दौलताबादच्या द्राक्षांची नोंद केली आहे. भोकरी, फकडी, हबशी, पांढरी साहेबी ही नावे आजही जुन्या बागायतदारांच्या तोंडी आहेत. कोशूचा न्याय लावला तर भोकरीलाही देशी म्हणायला हरकत नसावी. पण थॉमसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका यांनी खाण्याच्या द्राक्षांचा बाजार व्यापला आणि बियांची जुनी द्राक्षे बांधावरूनही गेली. त्यांची वाइन कशी लागली असती, हे पाहण्याची तसदी वाइन उद्योगाने घेतली नाही. निर्यातीच्या मागे धावताना ही चूक झाली, आणि ती मान्य करायला हरकत नाही.

पेण-रोह्यात द्राक्षबागा का नाहीत?

पावसामुळे. रायगडमध्ये वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी आणि थंडीत घड भरणे, हे नाशिकचे वेळापत्रक इथल्या हवेत बसत नाही. चार महिने पान सुकतच नाही म्हटल्यावर डाऊनीपुढे कोणतीही फवारणी टिकणार नाही.

तरी द्राक्षाचे गणगोत इथे आहे. पावसाळ्याच्या तोंडावर पेण आणि रोह्याच्या बाजारात ठाकर आणि कातकरी बाया दिंड्याच्या जुड्या घेऊन बसतात. हा दिंडा आधुनिक वर्गीकरणात द्राक्षाच्याच कुळात मोडतो. सह्याद्रीत झाडांवर चढणारी, काळसर घोस धरणारी रानद्राक्षाची वेलही त्याच कुळातली. पण ती खऱ्या वाइन-द्राक्षाच्या प्रजातीतली नाही. फळ लहान, तुरट-आंबट, गर कमी. त्यावर वाइनचा धंदा उभा राहील असे कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मग आंबवण्याजोगे इथे काय आहे?

यासाठी थोडे रसायन समजून घ्यावे लागते. यीस्ट साखर खाते, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की एक टक्का अल्कोहोल तयार होते. वाइनच्या पिकलेल्या द्राक्षात लिटरमागे दोनशे ग्रॅमहून अधिक साखर असते, त्यामुळे बाहेरून काही न घालता बारा-तेरा टक्क्यांपर्यंत जाता येते. द्राक्ष जगभर जिंकले ते मुख्यतः या आकड्यावर. शिवाय आंबटपणा आणि तुरटपणा त्यात आधीच असतो.

जांभळात रंग आणि तुरटपणा भरपूर, साखर द्राक्षापेक्षा बरीच कमी. करवंदात आंबटपणा जास्त आणि चीक. दोन्हींची वाइन करताना साखर घालावी लागते आणि करवंदाचा रस निवळायला वेळ द्यावा लागतो. जांभळाच्या वाइनचा पहिला घोट जिभेच्या कडा आवळतो. सौम्य, फुलांच्या वासाच्या पांढऱ्या वाइनची सवय असलेल्याला तो आवडणार नाही, पण सुक्या जवळ्याबरोबर किंवा कालवणाबरोबर तो जमेल. चव घेण्याची फ्रेंच शब्दावली इथे फारशी कामाची नाही. तुरट, आंबट, कडसर, कषाय या चवींसाठी मराठीत पुरेसे शब्द आहेत.

मोहाची गोष्ट वेगळी. सुकवलेल्या मोहाफुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. म्हणजे रायगडच्या रानात द्राक्षाच्या तोडीची साखर देणारी वस्तू एकच, आणि ती फळ नसून फूल आहे. मार्च-एप्रिलच्या पहाटे ते आपोआप गळून झाडाखाली सडा पडतो. तोडणी नाही, फवारणी नाही, पाणी नाही. सुकवले तर करवंदासारखे एका दिवसात वायाही जात नाही.

या फुलावर कायदा कधी झाला?

रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. १८९२ मध्ये मुंबई सरकारने मोहाफुलांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि तो लागू केला ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांना. फूल बाळगणे, विकणे, नेणे यावर निर्बंध आले. कारण उघड होते. पेणपासून जवळच असलेल्या उरणला मोहाचे मद्य गाळणाऱ्या मोठ्या परवानाधारक भट्ट्या होत्या. तिथला माल मुंबई, ठाणे आणि कुलाब्यात विकला जाई आणि त्यावर सरकारला अबकारी मिळे. घरामागच्या झाडाखाली पडलेली फुले मडक्यात घालणारा कातकरी या महसुलातला खड्डा ठरत होता.

हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. मद्य वाईट म्हणून तो कायदा आलेला नव्हता. तेच फूल, तेच मद्य उरणच्या भट्टीतून आले तर महसूल आणि पेणच्या वाडीतून आले तर गुन्हा. शिवाय गरज पडेल तेव्हा मोहाफूल हे आदिवासी घरात अन्नही असे. भाजून, उकडून, भाकरीत घालून ते खाल्ले जाई. अन्नावरच बंदी आली. पुढे स्वातंत्र्यानंतर १९४९च्या दारूबंदी कायद्यातही मोहाफूल नियंत्रित वस्तूंमध्ये राहिले. राज्याने मोहाफुले गोळा करण्या-बाळगण्यावरचे निर्बंध उठवले ते २०२१ मध्ये. मधे १२९ वर्षे गेली.

आता धोरण काय सांगते?

जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीचा निर्णय घेतला, त्यावरून मोठे राजकारण झाले आणि अंमलबजावणी रखडली. त्या गदारोळात एक भाग मागे पडला. द्राक्षाबरोबरच इतर फळे, फुले आणि मधापासून वाइन करणाऱ्यांना उत्तेजन देण्याचे त्यात म्हटले होते. त्याच वर्षी राज्यात तयार होणाऱ्या मोहाफुलांच्या आणि काजू बोंडांच्या मद्याला देशी ऐवजी विदेशी मद्याच्या वर्गवारीत टाकण्याचा निर्णय झाला. सुधागडच्या कड्याखाली पडलेले फूल कागदावर विदेशी व्हावे, यातली गंमत सोडून देऊ. हेतू चांगला होता. देशी दारूच्या दुकानातून सुटका झाली तर भाव मिळेल.

पण वर्गवारी बदलल्याने उत्पादक बदलत नाही. मद्यनिर्मितीचा परवाना, गोदाम, बंधपत्र, प्रयोगशाळा तपासणी हा सारा खर्च लाखोंचा आहे. डहाणूची साउथ सीज डिस्टिलरी किंवा गोव्यातले उद्योजक मोहाचे मद्य महागड्या बाटलीत आणत आहेत, ही आनंदाचीच बाब. मात्र त्या साखळीत कातकरी कुटुंब असलेच तर ते फुले विकणाऱ्या टोकालाच आहे. द्रोण विकणारी बाई आणि फुले विकणारी बाई यांच्यात फार फरक राहत नाही.

शेजारी दोन वेगळी उदाहरणे आहेत. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. त्यामुळे देशी दारू हा शिक्का पुसला गेला. मध्य प्रदेशने आणखी पुढचे पाऊल टाकले. तिथे वारसा मद्याच्या धोरणाखाली मोहाचे मद्य बनवण्याचा हक्क आदिवासी बचत गटांनाच देण्यात आला. अलीराजपूरचे ‘मोंड’ आणि दिंडोरीचे ‘मोहुलो’ ही त्यातून आलेली नावे. विक्रीच्या अडचणी तिथेही आहेत. पण परवाना कुणाच्या नावावर, या प्रश्नाचे उत्तर त्या राज्याने आधी दिले आणि बाटलीचे डिझाइन नंतर केले.

दारूचे काय?

या संपूर्ण विषयावरचा सर्वात गंभीर आक्षेप हाच आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. रायगडच्या वाड्यांमध्ये दारूने उद्ध्वस्त झालेली घरे कमी नाहीत. उभी बाटली-आडवी बाटलीच्या मतदानात दुकान बंद पाडणाऱ्या महाराष्ट्रातल्या बायांना वारशाच्या गप्पा सांगून उपयोग नाही.

मात्र आज वाडीत जी हातभट्टी पोचते तिच्यात मोहाफूल बहुधा नसतेच. काळा गूळ आणि नवसागर यांवर ती चालते. २०१५ मध्ये मालवणीत शंभरहून अधिक जीव गेले ते औद्योगिक मिथेनॉलमुळे. म्हणजे एवढ्या वर्षांच्या बंदीने पिणे थांबवले नाही, फक्त ओळखीच्या वस्तूची जागा अनोळखी विषाने घेतली. दुसरी बाब, वाइन आणि गाळलेली दारू यांत फरक आहे. करवंद-जांभळाची आंबवलेली वाइन दहा-बारा टक्क्यांची, बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी, मोजून बाटलीत भरलेली. अलिबाग-मुरूडला दर शनिवार-रविवारी येणारा पर्यटक ही तिची बाजारपेठ. वाडीत एकही बाटली विकायची नाही, ही अट ग्रामसभेनेच घालावी. आणि जिथल्या बायांना हा उद्योग नको असेल तिथे तो होऊ नये. तिथे करवंदाचे लोणचे, जांभळाचा रस आणि मोहाचे लाडू एवढ्यावरही गट चालू शकतो.

अडते कुठे?

रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही. त्यामुळे पेसा कायद्याने गौण वनोपज आणि मद्य यांवर ग्रामसभेला दिलेले अधिकार पेण-रोह्याच्या वाड्यांना मिळत नाहीत. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय मात्र पेणमध्येच आहे. कातकरी ही केंद्राच्या यादीतली विशेष असुरक्षित आदिवासी जमात, तिच्यासाठी योजनांची कमतरता नाही. शिवाय २००६चा वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता मर्यादित नाही. सामूहिक दावा मंजूर झाला तर गौण वनोपजाची मालकी गावाची होते, आणि मोहाफूल गौण वनोपजच आहे. शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्रातून गुळवेल थेट औषध कंपन्यांना विकून दाखवली, तीही पेणहून काही तासांच्या अंतरावर. म्हणजे अशक्य असे यात काही नाही.

खरी अडचण वेळेची आहे आणि ती धोरणाच्या कागदात दिसत नाही. मोह फुलतो मार्चमध्ये, करवंद-जांभूळ पिकते मे-जूनमध्ये. हे सगळे महिने पेण-रोह्यातली कितीतरी कातकरी कुटुंबे गावात नसतात. दिवाळीच्या सुमारास मालकाकडून उचल घेऊन ती वीटभट्टीवर जातात आणि पाऊस लागला की परततात. फुले गळतात तेव्हा वेचायला घरात कधी कधी म्हातारी माणसेच उरतात. उचल फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही, मग झाड कितीही फुलले तरी काय उपयोग?

त्यामुळे वाइनरीचा आराखडा, यंत्रे, लेबल या गोष्टी नंतरच्या. सुरुवात करायची असेल तर पेणच्या प्रकल्प कार्यालयाने दोन-तीन वाड्यांत बायांचे गट धरून येत्या हंगामातल्या फुलांची आणि फळांची आगाऊ रक्कम द्यावी, परवाना गटाच्या नावे घ्यावा आणि तांत्रिक मदतीसाठी फलप्रक्रियेतल्या जाणकारांना जोडावे. ही रक्कम मार्चमध्ये देऊन उपयोग नाही. भट्टीमालकाचा माणूस वाडीत ऑक्टोबरमध्येच येतो, गटाचे पैसे त्याच्या आधी पोचले पाहिजेत.